पेटीचा डावा हात

वर्धा शहराला खेटून असलेल्या बोरगाव मेघे येथे आज जो मनुष्य घर बांधतो, तो बैठकीच्या खोलीची लांबी-रुंदी ठरविताना टीव्हीचा, सोफ्याचा, दिवाणाचा आणि उन्हाळ्यात खिडकीत बसवावयाच्या कूलरचा हिशेब आधी करतो. वाद्याचा हिशेब त्यात धरलेला नसतो, आणि म्हणून घरात वडिलोपार्जित अशी एखादी पेटी असलीच, तर ती नव्या घरी आल्यावर प्रथम दिवाणाखाली, मग माळ्यावर आणि शेवटी एखाद्या भजनी मंडळाच्या खोलीत अशी मजल दरमजल करीत घराबाहेर पडते. तिच्या जागी मुलांसाठी दीड वीत रुंदीचा, काखेत मारून नेता येईल असा, विजेवर चालणारा कीबोर्ड येतो, आणि तो कोणत्याही कंपनीचा असला तरी ह्या भागात लहानथोर सारे त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. जुन्या पिढीतील माणसे ह्या अदलाबदलीवर हळहळतात, आणि ती हळहळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जी पेटी आज घराबाहेर चालली आहे, तीही आपल्याहून मोठ्या आणि मानकरी अशा एका वाद्याची जागा बळकावूनच घरात आली होती, आणि त्या वेळीही जाणत्यांनी हळहळ, किंबहुना संतापच, व्यक्त केला होता. दीडशे वर्षांच्या ह्या उलाढालीत वादकाच्या उजव्या हाताचे काम फारसे पालटले नाही. पालटत गेले ते डाव्या हाताचे. म्हणून पेटीऐवजी कीबोर्ड कोणता घ्यावा ह्या प्रश्नाकडे मी तरी डाव्या हाताच्या बाजूने पाहतो.

प्रथम पियानोचा विषय हातावेगळा करावा हे बरे. पाश्चात्त्य देशांत घरगुती वाद्याचा बदल म्हणजे पियानो काढून कीबोर्ड आणणे. आपल्याकडे मुंबईतील पारशी कुटुंबांत, वांद्र्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत, आणि विशेषतः गोव्यात, हा बदल जसाच्या तसा घडला. मुंबईतील फुर्टाडोजसारखी पेढी १८६५ पासून ह्या गिऱ्हाइकावर उभी आहे. वर्धेकडे मात्र पियानोला कधी पाय रोवता आले नाहीत. साधा उभा पियानो दोनशे किलोंच्या घरात जातो, त्याच्या पोटात दोनशेहून अधिक तारा असतात, आणि त्या तारांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा भरतो. तो सारा ताण सोसणाऱ्या चौकटीच्या पाठीशी असलेल्या पातळ लाकडी ध्वनिफलकाला हवेतील ओलाव्याची चढउतार सोसत नाही. आता वर्धेचा मे महिना घ्या. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, दुपारची हवा इतकी कोरडी की दाराच्या फळ्या आकसून फटी पडाव्यात, आणि त्याच खोलीत संध्याकाळी वाळ्याच्या ताट्यांतून ओल्या हवेचे लोट सोडणारा कूलर. त्यानंतर महिन्याभरात मृग, आणि दारे फुगून चौकटीत अडकलेली. अशा खोलीत पियानो ठेवणे म्हणजे दर ऋतूला तो जुळवून घेण्यासाठी माणूस बोलावणे, आणि तो माणूस येणार मुंबईहून. तेव्हा श्रीमंतीचा प्रश्न दूरच राहिला, हवामानानेच ह्या वाद्याचा अर्ज नामंजूर केलेला होता. घरातल्या मुलामुलींना स्वर ओळखावयास शिकविणे, पाहुण्यांसमोर एखादे पद म्हणताना साथ देणे, आणि बैठकीला थोडी प्रतिष्ठा आणणे ही जी पियानोची तिकडील कामे, ती सर्व इकडे पेटीने केली.

ह्या पेटीचे कुळ शोधू गेल्यास ते पॅरिसला जाऊन पोहोचते. अलेक्झांद्र दबँ ह्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियम ह्या नावाचे एकस्व मिळविले, ते वाद्य मेजाएवढे होते, त्याला पाय होते, आणि वादकाने खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता चालवावयाचा होता. पितळेच्या पट्टीला एका टोकाशी खिळवून दुसरे टोक मोकळे ठेवावयाचे आणि हवेच्या झोताने तिला कंप द्यावयाचा, ही कल्पना त्याहून पुष्कळ जुनी, आणि तिचे मूळ चीनमधील ‘शंग’ नावाच्या तोंडाने फुंकावयाच्या वाद्यात सांगतात. पुढे अमेरिकेत ह्याच वाद्याचा एक सौम्य अवतार निघाला: युरोपी हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकन ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढून घेतो, आणि त्यामुळे त्याचा नाद अधिक गोल व मऊ येतो. मेसन अँड हॅम्लिन, एस्टी इत्यादी कारखान्यांनी ही वाद्ये हजारोंनी बनवून प्रार्थनामंदिरांतून, शाळांतून आणि शेतकऱ्यांच्या घरांतून पोहोचविली. ह्या अमेरिकन ऑर्गनची एक शाखा मराठी रंगभूमीवर आली आणि दुसरी जपानातील एका प्राथमिक शाळेत गेली. त्या दोन शाखा पुढे बोरगावसारख्या ठिकाणी पुन्हा एकत्र आल्या, ते यथाक्रम येईलच.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आरंभी गाण्याच्या साथीला सारंगी आणि तबला हीच दरबारी परंपरेतील वाद्ये असत. हळूहळू त्यांच्या जोडीला पायपेटी, आणि पुढे ऑर्गन, येऊन बसला. नाटकगृहात दीड-दोन हजार माणसांपर्यंत आवाज पोहोचवावयाचा, तोही ध्वनिवर्धकाच्या साहाय्याशिवाय, तेव्हा नटाला ज्याच्यावर निर्धास्तपणे मान टाकता येईल असा भरघोस आणि न डळमळणारा स्वर हवाच होता. किर्लोस्कर मंडळीच्या १९११ मधील ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे असामान्य वादक होते; साथीच्या वाद्याला स्वतंत्र मैफलीचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तर अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन असा साथीचा थाट होता. अशा कंपन्यांचे दौरे वऱ्हाड-नागपुराकडे निघावयाचे ते हंगाम पाहून, म्हणजे कपाशी विकून शेतकऱ्याच्या आणि अडत्याच्या हाती पैसा खुळखुळू लागल्यावर. रेल्वेच्या मालडब्यातून पडदे, कनाती, भांडीकुंडी आणि भला थोरला ऑर्गन उतरवून तो बैलगाडीवर चढविण्याचा सोहळा त्या काळच्या स्टेशनांवर पाहावयास मिळे. पायाने भाता चालविणाऱ्या ह्या वादकाचे दोन्ही हात मोकळे असत. उजवा नटाच्या गळ्यामागे धावे, आणि डाव्याला खालच्या सप्तकात षड्ज-पंचम धरून ठेवता येई. डाव्या हाताला इतके स्वातंत्र्य मराठी साथसंगतीत त्यापूर्वी मिळाले नव्हते, आणि त्यानंतरही फार काळ मिळाले नाही.

ते हिरावून घेतले गेले कलकत्त्यात. द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ च्या सुमारास काढलेल्या ‘द्वारकिन’ ह्या पेढीने पायपेटीचे पायच कापले: भाता पाठीमागे आणला, तो हाताने चालविण्याजोगा केला, आणि सबंध यंत्र एका लाकडी खोक्यात बसवून जमिनीवर मांडी घालून वाजविता येईल असे केले. आपल्या देशात गायक सतरंजीवर बसतो आणि श्रोताही सतरंजीवर बसतो. तेथे एकटा साथीदार खुर्चीवर बसून सर्वांच्या डोक्यांवरून पाहतो ही गोष्ट आसनव्यवस्थेलाच धरून नव्हती. ह्या एका फेरफाराने ती विसंगती मिटली, किंमत उतरली, आणि वाद्य एका माणसाला उचलता येण्याजोगे झाले. मोबदल्यात डावा हात भात्याच्या चाकरीस रुजू झाला. परंतु ही चाकरी निव्वळ वेठबिगार नव्हती, हे जो पेटीवर एकदा बसला आहे त्यालाच उमगते. गायकाने समेवर येताना आवाज किंचित मोठा केला की डाव्या हाताचा दाब वाढतो. त्याने आलापाच्या शेवटी श्वास सोडला की भात्याचे पान अर्ध्यावर थबकते. उजव्या हाताने धरलेला एकच स्वर, बोट जागचे न हलविता, लहानाचा मोठा आणि मोठ्याचा लहान करता येतो. पियानोच्या पट्टीवर एकदा बोट पडले की त्या स्वराचे भवितव्य ठरून गेले, मग तो विरत जाणेच तेवढे उरले. पेटीत मात्र स्वर जन्मल्यावरही त्याला वाढवावे, आवरावे लागते, आणि हे संगोपन सर्वस्वी डाव्या हाताकडे असते. कलकत्त्याच्या कारागिराने डाव्या हाताचे स्वर काढून घेतले आणि त्याला श्वास दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

वर्धा ह्या शहराचे वयही जवळजवळ ह्या हातपेटीएवढेच. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला, त्याचे ठाणे आधी पुलगावजवळील कवठा येथे होते, आणि १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणून नवे शहर वसविण्यात आले. मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, आणि नागपुराहून पूर्वेकडे जाणारा मार्ग पुढे बंगालशी जोडला गेला. म्हणजे जेथे हातपेट्या प्रथम बनू लागल्या ते कलकत्ता आणि जेथे त्यांचा मोठा बाजार झाला ती मुंबई ह्या दोन टोकांच्या मधोमध, एकाच वाटेवर, हे नवे शहर पडले. मालगुजाराच्या वाड्यात, वकिलाच्या दिवाणखान्यात आणि गावच्या देवळात ही पेटी येण्यास ह्याहून सोयीची वाट कोणती असणार! जमनालाल बजाजांनी १९२८ साली जे लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांस खुले केले, ते ह्याच शहरातले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याने आपले बिऱ्हाड मगनवाडीत केले, तीही येथलीच. तेलघाणीपासून हातकागदापर्यंत प्रत्येक जिन्नस आपला की परका ह्याची झडती घेणाऱ्या त्या वर्धेत पेटीची झडती घेतली असती तर निवाडा अवघड गेला असता: खोके सागवानाचे, कारागीर येथला, भात्याचे चामडे येथले, परंतु पितळी सूर, म्हणजे कंप पावणाऱ्या त्या पितळी पट्ट्या, मात्र जर्मनीचे नाहीतर पॅरिसचे. पुढे सौराष्ट्रातील पालिताणा येथे सूर तयार होऊ लागले आणि तो प्रश्न मिटला, तरी जुन्या जर्मन सुरांची पेटी कोणाकडे आहे ही बातमी आजही वादकांत दबक्या आवाजात फिरते.

परंतु वर्धा जिल्ह्यात पेटी खरी रुजविली ती नाटकांनी नव्हे, भजनांनी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या तालावर जी भजने गावोगाव नेली, आणि अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून ज्या सेवामंडळांची परंपरा सुरू झाली, तिने विदर्भातील लहानात लहान खेड्यालाही एक पेटी, एक तबला आणि दोन खंजिऱ्या विकत घ्यावयास लावले. ही पेटी कोणा एकाच्या मालकीची नसे. वर्गणी काढून ती घेतलेली असे, तिच्या झाकणावर मंडळाचे नाव तेलरंगात रंगविलेले असे, आणि ती वाजविणारा हा बहुधा शिंपी, सुतार किंवा शाळामास्तर असे. तिची तब्येत जपण्याचे शास्त्रही असेच तोंडी चालत आलेले. झाकण काढले की सुरांच्या रांगा दिसतात. एक खर्जाची, एक नराची, आणि महागड्या पेटीत तिसरी मादीची. एखादा सूर अडकला तर पोस्टकार्डाची कड त्याच्या जिभेखालून अलगद फिरवावयाची. उतरला असेल तर जिभेचे टोक कानशीने किंचित घासावयाचे, की तो चढतो. चढला असेल तर मुळाशी घासावयाचे, की तो उतरतो. पावसाळ्यात पट्ट्या फुगून दाटतात, आणि उन्हाळ्यात भात्याच्या घड्या सुटतात. सर्वांत मोठा शत्रू उंदीर. त्याला भात्याचे चामडे फार प्रिय असते, आणि एकदा त्याने तेथे बिऱ्हाड केले की मंडळाचे अध्यक्ष व चिटणीस ह्यांच्यात नव्या वर्गणीचा कज्जा ठरलेला.

ज्या काळात खेडोपाडी पेटीचा असा संसार मांडला जात होता, त्याच काळात शहाण्यांच्या दरबारी तिच्यावर फिर्याद चालू होती. फिर्यादीचे कलम असे की, ह्या वाद्याचे बारा स्वर समान अंतराने छाटून बसविलेले असतात, त्यामुळे आपल्या रागांतील स्वर त्यात सापडत नाहीत. हे कलम खोटे नव्हते. एका अर्धस्वराचे १०० भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ३८६ व्या भागावर येतो आणि पेटीचा गंधार ४०० वर. चौदा भागांची ही तफावत नुसत्या कानालाही बोचते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि ई. क्लेमंट्स हे आय. सी. एस. अधिकारी, ह्या दोन सरकारी दप्तरांत मुरलेल्या गृहस्थांनी ह्या तफावतीचा बंदोबस्त करण्यासाठी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले आणि त्याहून जोरात वादविवाद झाले. ती पेटी लोकांत रूढ झाली नाही, आणि ते साहजिक होते. ज्या वाद्याचे मुख्य पुण्य त्याचा सोपेपणा, त्याच्या पट्ट्या वाढवून त्याला पंडित करू पाहणे म्हणजे त्याच्या अन्नावरच घाला घालणे होय. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नावडती होती. अखेर १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने आपल्या केंद्रांवरून तिला हद्दपार केले, आणि हे फर्मान तीसहून अधिक वर्षे, १९७१ पर्यंत, टिकले. त्यानंतरही तिला प्रवेश मिळाला तो अटी घालूनच. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, ते ह्या बंदीच्या ऐन अमलात. म्हणजे वर्धेच्या श्रोत्याने रेडिओ लावला की पेटी ऐकू येत नसे, आणि रेडिओ बंद करून दाराशी उभा राहिला की शेजारच्या देवळातून तीच ऐकू येई! सरकारी निवाडा आणि लोकांची वहिवाट ह्यांच्यातील इतके उघड वैर मला दुसऱ्या कोणत्याही वाद्याच्या बाबतीत आठवत नाही. नागपूरचेच मनोहर चिमोटे ह्यांनी पुढे तिच्या अंगी स्वरमंडळाच्या तारा जोडून तिला ‘संवादिनी’ म्हणून एकलवादनाच्या मंचावर बसविले, आणि गोव्याचे तुळशीदास बोरकर ह्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या जुन्या फिर्यादीचा निकाल एकदाचा लागला असे धरून चालावे.

आता त्या जपानी शाखेकडे वळू. १८८७ साली हमामात्सु ह्या गावच्या प्राथमिक शाळेतील अमेरिकन ऑर्गन बिघडला, आणि तो दुरुस्त करण्यासाठी तोराकुसु यामाहा नावाच्या एका यंत्रदुरुस्तीवाल्याला बोलाविण्यात आले. दुरुस्ती करता करता त्याने आतील रचना मनात साठविली, तसाच एक ऑर्गन स्वतः बनविला, आणि तो खांद्यावरच्या कावडीला अडकवून, हाकोनेचा घाट ओलांडून, साऱ्या अडीचशे किलोमीटरांची वाट तुडवीत तोक्योच्या संगीतसंस्थेत नेला. तेथे परीक्षकांनी सांगितले, की बनावट उत्तम, परंतु सूर चुकीचे लागले आहेत. तेव्हा त्याने तेथेच राहून स्वरशास्त्राचे धडे घेतले आणि परत जाऊन दुसरा ऑर्गन केला. १८९७ मध्ये त्याच्या कारखान्याची कंपनी झाली. आज बोरगावच्या दुकानी-घरी जो यामाहा कीबोर्ड दिसतो, तो तिचाच. जपानी पट्ट्यांचा आपल्याकडील हा पहिला प्रवेशही नव्हे: नागोयाच्या गोरो मोरिता ह्याने १९१२ मध्ये टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून जे ‘ताइशोगोतो’ काढले, तेच आपल्या जत्रांत ‘बुलबुल तरंग’ म्हणून मिरवले आणि वरातीच्या ताफ्यांत ‘बेंजो’ म्हणून कर्कश झाले. गणकयंत्रांसाठी ख्याती असलेल्या काशिओ बंधूंच्या कंपनीने १९८० मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ बाजारात आणला, आणि ज्यात ना तार ना सूर ना भाता, केवळ विद्युतमंडलातून पियानो, व्हायोलिन, बासरी आणि ऑर्गन ह्यांचे नाद काढावयाचे, असे यंत्र सामान्य माणसाच्या खिशाच्या आवाक्यात येऊ लागले.

सामान्य माणसाच्या म्हणजे प्रथम जपानी आणि अमेरिकन सामान्य माणसाच्या. आपल्याकडे ते दशक परवान्यांचे आणि जबर आयात-जकातीचे असल्यामुळे हे कीबोर्ड आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून, नाही तर मुंबईच्या चोरट्या बाजारातून येत, आणि वर्धेकडे ते पहिल्याने दिसले ते घरांत नव्हे, तर ऑर्केस्ट्रांच्या मंचावर. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली, किंमत उतरली, आणि मग वरातीचा बँड, नागपूरकडील धुमाल हे वाद्यपथक, गणेशोत्सवाचा मंडप आणि अखेरीस भजनी मंडळ अशा पायऱ्या उतरत तो लोकांत मिसळला. धुमालच्या हातगाडीवर, ढोल-ताशांच्या दणदणाटात, एका मुलाने उभ्या उभ्या कॅसिओ वाजवावा, आणि त्याच्या दुसऱ्या हाताने आवाजाचे बटण सारखे वरखाली करीत राहावे, हे दृश्य ह्या भागात कोणीही पाहिलेले आहे. त्या दुसऱ्या हाताकडे मात्र फारसे कोणी पाहिले नसावे. तो डावा हात आहे, तो भाता शोधतो आहे. पेटीवर शिकलेल्या वडिलांकडून किंवा काकांकडून ह्या मुलाने जे उचलले, त्यात डाव्या हाताने स्वरांत प्राण फुंकण्याची सवय आली. आणि नव्या यंत्रात त्या हाताला काम म्हणून उरले एवढेसे प्लॅस्टिकचे बोंड. एका भजनी मंडळातील वृद्ध भजन्याने नवा कीबोर्ड प्रथम पाहिल्यावर दुकानदाराला विचारलेला प्रश्न मी ऐकला आहे: “हे तं ठीक हाय जी, पन याले भाता कुटी हाय?” दुकानदार हसला. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

कीबोर्ड बनविणाऱ्यांनी डाव्या हाताची सोय केलेली नाही असे नाही. त्यांनी ती पियानो वाजविणाऱ्या समाजाच्या हिशेबाने केली आहे: डाव्या हाताने तीन-तीन पट्ट्या एकदम दाबून स्वरसमूह धरावयाचा, आणि तो धरताच यंत्राने ताल, खर्ज आणि इतर वाद्यांचा मेळ आपण होऊन लावून द्यावयाचा. आपल्या अभंगाला, गवळणीला किंवा नाट्यपदाला ह्या स्वरसमूहांची गरज नसते. तेथे षड्ज अखंड हवा आणि चाल त्याच्यावर खेळावयास मोकळी हवी. परिणामी भजनात कीबोर्ड वाजविणाऱ्याचा डावा हात मांडीवर पडून राहतो. हातपेटीने जे स्वातंत्र्य हिरावले होते ते परत मिळाले, पण त्याचे करावे काय हे कोणी शिकविलेले नाही. मला विचाराल तर टेंबे-गंधर्वांच्या काळातील ऑर्गनवादकांचा कित्ता येथे गिरविण्याजोगा आहे: डाव्या हाताने खालच्या सप्तकात षड्ज-पंचम, पंचम वर्ज्य असून शुद्ध मध्यम असलेल्या रागांत षड्ज-मध्यम, धरून ठेवावे, आणि चाल उजवीकडे न्यावी. तंबोरा नसलेल्या घरात एवढ्यानेच निम्मे काम होते.

वाद्य निवडताना तर हा इतिहास अगदी व्यवहाराच्या पातळीवर उपयोगी पडतो. साधारण पेटीला साडेतीन सप्तके, म्हणजे ४२ पट्ट्या असतात. तेव्हा पेटीची जागा भरून काढावयाची असेल, तर ४९ पट्ट्यांचा कीबोर्डही पुरेसा ठरतो, आणि ६१ पट्ट्यांचा असला तर डाव्या हाताला खालचे एक सप्तक जास्त मिळते. पियानोच्या ८८ पट्ट्यांच्या मागे लागण्याचे कारण, मूल पाश्चात्त्य परीक्षांना बसणार नसेल तर, मला दिसत नाही. एवढी लांब फळी बोरगावच्या खोलीत दारामागेच उभी राहणार. ३२ पट्ट्यांची जी चिमुकली खेळणी मिळतात, त्यांच्या पट्ट्या इतक्या अरुंद असतात की त्यांवर बसलेली बोटे पुन्हा पूर्ण मापाच्या पट्ट्यांवर बसवावी लागतात. मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून त्या ठीक, परंतु शिकण्यासाठी नव्हेत. पट्टी जोराने दाबली असता आवाज मोठा आणि हळू दाबली असता लहान निघावा, ही सोय अवश्य पाहावी. ती नसली तर सबंध भजन एकाच पातळीवर सपाट वाहत राहते. ती असली तरी धरलेला स्वर मध्येच फुलविण्याचे काम ती करू शकत नाही, ते पायाच्या पेडलने होते, आणि तसले पेडल जोडण्याची खाच स्वस्त कीबोर्डांत बहुधा नसते. हवेचे काम पायाकडून हाताकडे आले आणि आता ते पुन्हा पायाकडे मागावे लागते, ही गंमत द्वारकानाथबाबूंना आवडली असती की नाही कोण जाणे.

दुसरी परीक्षा करावयाची ती गंधाराची. काही कीबोर्डांत प्रत्येक स्वर थोडा उतरविण्या-चढविण्याची सोय असते. देवल आणि क्लेमंट्स ह्यांनी ज्यासाठी इतके कष्ट उपसले, ते आता चार बटणांत उरकते, आणि तरीही विकत घेणाऱ्या शंभरांतील नव्याण्णव माणसे ती बटणे कधी दाबीत नाहीत. भारतीय नाद आणि ताल आत भरलेल्या मालिका यामाहासारख्या कंपन्यांनी आपल्या बाजारासाठी काढल्या आहेत. त्यातला तबला रियाजाला बरा, देवासमोर मात्र तो ऐकवत नाही, कारण गायक थांबला तरी तो थांबत नाही.

एका सोयीविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे, ते लिहून ठेवतो. आपल्याकडे गायकाची पट्टी सांगावयाची ती पेटीच्या पट्ट्यांवरून: काळी एक, पांढरी चार, काळी पाच. पुरुषांनी काळी एकमध्ये गावे आणि बायकांनी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवाल्याला दोन्हीकडून तितक्याच सफाईने बोटे फिरविता आली पाहिजेत. त्याची अर्धी विद्या ह्यातच असे. कीबोर्डवर एक बटण दाबले की सारे स्वर हव्या तितक्या अंतराने सरकतात, आणि मूल कोणाच्याही साथीला बसो, ते बोटे मात्र नेहमी पांढरी एकवरूनच फिरविते. स्केल-चेंजर पेटीतही ही सोय होती, परंतु ती पेटी महाग असल्यामुळे आळस श्रीमंतांपुरता राहिला होता. पेटीच्या शिक्षकाकडे मूल पाठवावयाचे असेल, किंवा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला संवादिनी हा विषय घेऊन बसवावयाचे असेल, तर घरी कीबोर्ड आणल्यावर पहिली दोन वर्षे ते बटण त्याला दाखवू नये.

विजेची गोष्ट सांगावयाची राहिली. भारनियमनाच्या वर्षांत ह्या भागात संध्याकाळच्या ऐन भजनाच्या वेळी दिवे जात, आणि कीबोर्डवाली मंडळे पेटीवाल्या मंडळांपुढे खजील होत. म्हणून ज्यात बॅटरीचे सेल बसतात असाच कीबोर्ड घ्यावा, आणि सेल नवे आहेत की नाहीत हे काकड्याला निघण्यापूर्वी पाहावे, असा दंडक बोरगावातील एका मंडळाने घालून घेतला आहे. त्या मंडळाकडे दोन्ही वाद्ये आहेत. एकादशीला आणि पुण्यतिथीला मंडपात ध्वनिवर्धक असतो, तेव्हा कीबोर्ड निघतो. गुरुवारच्या नेमाच्या भजनाला, जेथे दहा-बारा माणसे आणि एक पंखा एवढाच सरंजाम असतो, तेथे पेटी. दोन्ही वाजविणारा मनुष्य एकच आहे, आणि कीबोर्डवर असताना तो मोकळ्या डाव्या हाताने टाळकऱ्यांना लय आवरावयाची खूण करतो. पेटीवर असताना हे काम त्याला भुवईने करावे लागते.